समोरच्या खोलीतली पाटी

१२ जून १९८९, सोमवार

आजपासून माझं पाळणाघर सुरू झालं. बाहेर बोर्ड लावला नाही, कारण ह्यांना लाज वाटते. इथल्या बोथ गावच्या मंडल कचेरीत कारकून आहेत हे, कलेक्टर नाहीत. पण लाज मात्र कलेक्टरची! कचेरीत सांगून आले, "बायकोले घरात करमत नाई, म्हणून चार लेकरं जमा केली." करमत नाही, डोंबल! शिक्षिकेच्या नोकरीसाठी तीनदा दरखास्त दिली मी, इथलं सरकार तेलुगू, तीनदा तेलुगू कच्चं म्हणून परत आली. तेव्हा नाही सांगितलं कुणाला, की बायकोले करमत नाई.

समोरची खोली मला मिळाली ती संक्रांतीपर्यंत. घर आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या नावावर. त्यांचा भाचा चंपतराव त्या खोलीवर डोळा ठेवून बसलाय. त्याला तिथं खत-बियाण्याचं दुकान घालायचंय. ठरलं असं की संक्रांतीपर्यंत लेकरं टिकली तर खोली माझी, नाही टिकली तर त्याची. आत्याबाई हो नाही की नाही नाही. पानाला चुना लावत बसल्या. त्यांचं न बोलणंच मला जास्त झोंबतं.

पाच लेकरं आली. दवाखान्यातल्या नर्स तुळजाबाईचा खुशाल, दोन वर्षांचा, आणि त्याची बहीण कुंदा. ती पहिलीत आहे, शाळा सुटली की चारला येते. पोस्टातल्या बाईंची जुळी. आणि बँकेतल्या पद्मिनीबाईंची चिन्नी, साडेतीन वर्षांची.

पद्मिनीबाई तेलुगू, पण मराठी चांगलं बोलतात. जाता जाता दारात थांबल्या. "वनमालाम्मा, एक गोष्ट. चिन्नीला अक्षरं शिकवू नका. हातात बलपमच देऊ नका." बलपम म्हणजे पाटीवरची पेन्सिल. त्यांच्या सासूनं मरताना बासरच्या सरस्वतीला नवस बोलला होता, की नातीचं पहिलं अक्षर तिथंच निघेल, वसंत पंचमीला, आजोबांनी हात धरून.

मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार? बारावी झालेल्या बाईला सांगतात, धुवा, पुसा, भरवा, पण शिकवू नका. माझी जुनी पाटी काढून ठेवली होती खास. ती परत पेटीत घातली आणि कुलूप लावलं. शब्द दिला म्हणजे दिला.

३ जुलै

आत्याबाई म्हणजे एक अजब बाई आहे. दिवसभर खाटेवरून हुकूम. "त्या पोराचं नाक पुस. त्या पोरीले उचल." स्वतः उठून हात लावतील तर शपथ! आणि चार वाजले, कुंदा आली, की टुणकन उठतात, चिन्नीला कडेवर घेतात आणि कुंदाच्या मागं मागच्या अंगणात. दोन दोन तास. इकडं जुळी भोकाड पसरून राह्यलीत, खुशालनं चड्डी भरवली, दूध उतू गेलं, आणि साठीची बाई मागं बसून 'शाळा शाळा' खेळते!

आज मी ओरडलेच. "आत्याबाई, तुमी तरी शहाण्यासारखं वागा!"

"दोन लेकरं मी घेतली तं तुहे हात मोकळे झाले नं?" म्हणे. म्हणजे उपकार माझ्यावरच.

९ ऑगस्ट

तुळजाबाईनं आज दारातच तोफ डागली. "बाई, कुंदाच्या पेन्सिली जातात कुठं? आठवड्याले डबी लागून राह्यली. तुमच्याकडं लक्ष असते का नाई लेकरायवर?" माझ्याकडं लक्ष नसतं! सकाळी आठपासून माझ्या पाठीला जमीन माहीत नाही.

लेकरं पेन्सिल खातात, हे मला ठाऊक आहे. मीही खायची. कुंदाला धरलं. "खातेस ना?" गप्प. "जीभ दाखव." जीभ पांढरी नव्हती. "मग कुठं गेल्या?" पोरगी मागच्या दाराकडं बघते, पुन्हा माझ्याकडं बघते, आणि ओठ घट्ट. एवढीशी पोर आणि एवढा हट्ट! दिली एक थापड. रडलीसुद्धा नाही. गाल धरून उभी राहिली.

संध्याकाळी आत्याबाई जेवल्या नाहीत. भूक नाही म्हणे. परक्या लेकराला मारलं म्हणून माझ्यावर रुसवा. मला काय हौस आहे मारायची? हात अजून चुरचुरतोय. आई न्यायला आली तेव्हाही कुंदानं सांगितलं नाही, हे त्याहून वाईट वाटलं. सांगितलं असतं तर भांडून मोकळी झाले असते.

१२ ऑक्टोबर

दसऱ्याचं सोनं द्यायचं निमित्त करून चंपतराव आज आला आणि टेप काढून खोली मोजायला लागला. लेकरं झोपलेली, त्यांच्या अंगावरून टेप! "पोती इथं लागतील वैनी. काउंटर तिथं."

"अजून संक्रांत यायची आहे, भाऊजी."

"येते नं. संक्रांत काई कोणासाठी थांबते का?" दात काढून हसला मेला.

आत्याबाई आतून आल्या. मला वाटलं, आता तरी म्हणतील, अरे लेकरं झोपलीत. तर म्हणाल्या काय? "चंपत, कागदावर माहा अंगठा कुठं लागते रे?"

"खालच्या आंगाले, आत्या. तू फकस्त बोट पुढं कर, बाकी मी पाहतो."

"अन् वरतं काय लिवलं असते?"

"ते तुले काय करायचं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. संक्रांत तीन महिन्यांवर, आणि ह्या आत्ताच अंगठ्याची जागा विचारून ठेवतात! मामंजी गेले तेव्हा ह्याच चंपतरावाच्या बापानं, म्हणजे आत्याबाईंच्या सख्ख्या भावानं, 'वारसाचा कागद आहे ताई' म्हणून अंगठा घेतला आणि नदीकाठचं शेत स्वतःच्या नावावर करून टाकलं. तरी शहाणपण आलं नाही. ठेच लागली तरी ह्यांचा पाय त्याच दगडावर.

२० नोव्हेंबर

कापूस निघाला. बँकेत गर्दी, पद्मिनीबाईंना यायला रोज सात वाजतात. सॉरी म्हणतात, चिन्नीला उचलतात, जातात. माझी भाजी कधी चिरायची हे कुणी विचारत नाही.

आणि आज हद्द झाली. ह्या वहीच्या मागच्या पानावर कुणीतरी पेनानं रेघोट्या मारल्यात. वाकडे दांडे, आकडे, अर्धे गोळे, पान भरून! माझी वही! ह्या घरात एवढी एकच गोष्ट माझी एकटीची आहे. खुशालशिवाय कुणाचं काम नाही. पण वही तर मी वरच्या फळीवर ठेवते, खुशालचा हात पोचला कसा? चढला असेल डब्यावर. त्याला दोन शब्द सुनावले. त्याला काय कळतं, हसून माझ्याच पदराला नाक पुसलं.

आत्याबाई म्हणाल्या, "जाऊ दे नं वो. शेवटचं तं पान आहे."

ह्यांना कसं कळलं शेवटचं आहे ते? वाचता येत नाही, पण चांभारचौकशा सगळ्या!

३ जानेवारी १९९०, बुधवार

सत्यानाश झाला.

सकाळी साडेआठला पद्मिनीबाईंचे सासरे, व्यंकटराव, स्वतः दारात. पांढरं धोतर, हातात काठी. चाळीस वर्षं तेलुगू शाळेत मास्तर होते, सगळं बोथ त्यांना वचकून असतं. चिन्नीला आणलं नव्हतं.

त्यांच्याकडं ह्या महिन्यात रोज पहाटे अंगणात पिठाची रांगोळी घालतात. काल ते पूजा करून बाहेर आले, तर चिन्नी पीठ घेऊन उंबऱ्यापाशी बसलेली, आणि पुढं अक्षर काढलेलं. मराठी. ठळक. 'दे'.

"अम्मा," ते म्हणाले, आवाज अजिबात न चढवता, "हजार लेकरांचे हात धरले मी. माझ्या नातीचा हात पहिला कोणी धरला?"

"मी नाही."

"मग अक्षर आभाळातून पडलं?"

मी म्हटलं, "मास्तरसाहेब, माझी पाटी पेटीत कुलुपात आहे. दाखवते. आणि मी शिकवलं असतं तर 'अ' पासून शिकवलं असतं. 'दे' कोण शिकवतं पहिल्यांदा?"

"ते तुम्हालाच माहीत. माझी बायको जाताना माझ्याकडून एवढंच मागून गेली होती." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. चिन्नीची उशी आणि डबा मागितला. मी दिला. ओरडले असते तर मीही ओरडले असते.

आत्याबाई दाराआड उभ्या होत्या. तोंडातलं पान चघळायचंही थांबलेलं. सुनेवर शब्द मोडल्याचा आळ येतो, आणि ह्या बाईच्या तोंडातून एक अक्षर नाही! आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कुणाला?

६ जानेवारी

पोस्टातल्या बाईंनी जुळी काढून घेतली. "गावात बोलून राह्यलेत, बाई, मी काय करू?" कुंदाही चार दिवस आली नाही, ताप आहे म्हणे. राहिला एकटा खुशाल. चार वाजले की आत्याबाई दारापर्यंत जातात, रस्ता बघतात, परत येऊन खाटेवर बसतात.

ह्यांना म्हटलं, तुमी मास्तरांना जाऊन सांगा, की तुमची बायको खोटं बोलत नाही. "बघू," म्हणाले. बघू! लग्नात भटजीनं विचारलं असतं तर तिथंही 'बघू' म्हणाले असते. मी ताट आपटलं. पोचा पडला ताटाला. पडू दे.

१३ जानेवारी, भोगी

आजचं आजच लिहिते.

दुपारी चंपतराव आला. स्टॅम्पचा कागद, शाईचं पॅड, दोन गवाह, सगळी वरात. एक दिवस धीर निघाला नाही त्याला. हे घरीच होते. मी तिळाच्या भाकरी थापत होते, तशीच उठून दारात उभी राहिले. ठरवलं होतं, रडायचं नाही.

चंपतरावानं आत्याबाईंचा हात धरला आणि अंगठा पॅडकडं नेला. त्यांनी हात सोडवून घेतला.

"शाई नको. पेन दे."

"पेन काऊन, आत्या?"

"दस्तखत करायले."

तो हसला. गवाहही हसले. आत्याबाई उठल्या, ह्यांच्या खिशातलं पेन काढलं, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेल्या. आजच्या तारखेखाली लिहायला लागल्या. किती वेळ लागला, देवा! चुलीवरची भाकरी करपली, मला वास येऊन राह्यला होता, पण पाय हलला नाही. तीन अक्षरं. देवका. 'का' चा काना खालच्या चौकोनात गेला.

"पाह्यलं?" चंपतरावाकडं वळून म्हणाल्या. "येते मले. पण तुह्या कागदावर नाई करत. तुह्या बापानं माहं बोट धरून माहं वावर नेलं. तवापासून ठरवलं होतं, पुढल्या खेपेले बोट द्यायचं नाई. घेऊन जाय तुहा कागद."

चंपतराव ह्यांच्याकडं वळला. "लक्ष्मणदादा, अंगठा घेऊन टाकू, म्हातारी काईच्या बाई करून राह्यली."

आणि हे, माझे 'बघू', खुर्चीवरून न उठता म्हणाले, "ज्याले दस्तखत येते त्याचा अंगठा चालत नाई, चंपत. असे कागद मीच परत धाडतो कचेरीतून."

वरात परत गेली. मी आनंदानं नाचायला हवं होतं. पण माझी नजर कॅलेंडरवर. ते 'दे'. खालचा आकडा उलट्या बाजूला ओढलेला, मात्रा पाल्यासारखी लोंबती. माझ्या वहीच्या मागच्या पानावर हेच आकडे, हेच अर्धे गोळे. आणि डोक्यात लख्ख पडलं सगळं. कुंदाच्या पेन्सिली. मागचं अंगण. मांडीवर चिन्नी.

मग मात्र माझा तोल सुटला. "म्हणजे तुमी! माझ्यावर आळ आला, लेकरं गेली, दहा दिवस मी जळून राह्यले, आणि तुमी तोंड शिवून बसला! आणि शिकायचंच होतं तर मला सांगायचं! बारावी झालेली सून घरात, अन् पहिलीतल्या पोरीपाशी शिकलात?"

आत्याबाई खाटेवर बसल्या. पान लावायला घेतलं, पण लावलं नाही.

"तुले मनलं असतं," त्या म्हणाल्या, "पण तू चिडतेस, बाई. ते लेकरू चिडत नाई. शंभर खेपा चुकलं तरी 'आजी, परत' मनते, अन् पुसून देते."

मी जाऊन करपलेली भाकरी चुलीवरून उतरवली.

थोड्या वेळानं त्याच पुन्हा म्हणाल्या, "तू तिले मारलं तवा मी दाराआड होती. कोणाले सांगू नको मनून मीच तिले शपथ घातली होती. घास उतरला नाई त्या दिवशी." आणि मग, "मास्तर आले तवा बी भेव वाटलं. साठ वर्साची बाई, 'दे' काढून राह्यली मनून सारं गाव हासलं असतं. मनून गप राह्यली. चुकलं माहं."

चुकलं म्हणायला ह्या घरात पहिल्यांदाच कुणी धजलं. मी तर कधी म्हटलेलं नाही.

१५ जानेवारी

संक्रांत कालची, पण तिळगूळ आज दिला, व्यंकटरावांच्या घरी. आत्याबाईंनी मला पुढं होऊ दिलं नाही. "माहं मी सांगतो," म्हणाल्या, आणि डोक्यावर पदर घेऊन सरळ मास्तरांसमोर जमिनीवर बसल्या.

सगळं सांगितलं. वावर, अंगठा, कुंदा, पाटी. मास्तर ऐकत होते, काठीवर हनुवटी ठेवून. शेवटी एकच प्रश्न विचारला. "पण चिन्नीचा हात तुम्हीच धरला ना?"

"नाई जी. मले 'दे' चा आकडा वळवताच येईना. तिनं पाहून पाहून शिकलं, अन् तिनं माहा हात धरला. 'अव्वा, इट्ला,' मने. आजी, असं नाई, असं."

मास्तरांनी काठी भिंतीला टेकवली. आत पद्मिनीबाई दाराला धरून उभ्या. मला वाटलं, आता हाकलतात.

"म्हणजे शिकवणारी ती," मास्तर म्हणाले. "शिकणाऱ्या तुम्ही. अक्षराभ्यास तुमचा झाला, अम्मा. तिचा अजून व्हायचाच आहे." आणि चिन्नीला हाक मारली. ती धावत आली ती आजोबांकडं नाही, आत्याबाईंच्या मांडीवर. मला हसूही आलं आणि रडूही. रागाचं म्हणाल तर तो कुठं ठेवावा हेच कळेना.

येताना तुळजाबाईकडं गेले. कुंदाला ताप वगैरे काही नव्हता. मला बघून पलंगाखाली घुसली. मी खाली वाकून म्हटलं, "कुंदा, मी तुला उगाच मारलं. चुकलं माझं." ती म्हणाली, "आजीनं सांगून टाकलं?" मी हो म्हटलं. "मग ठीक आहे," म्हणाली आणि बाहेर आली. तुळजाबाई माझ्याकडं बघतच राहिली. थापडीचं तिला आज कळलं. जे बोलली ते मी ऐकून घेतलं, उलटून बोलले नाही. दात चावून धरले होते, पण ऐकलं.

१ फेब्रुवारी

लेकरं परत आली, जुळी सोडून. काल वसंत पंचमी झाली. पद्मिनीबाई बासरहून प्रसाद घेऊन आल्या. चिन्नीच्या कपाळावर अजून कुंकू. ताटातल्या तांदळात आजोबांनी हात धरला तेव्हा ती म्हणाली म्हणे, "तातय्या, जोरात नका धरू, मी अव्वाचा जोरात नाही धरत."

देवळाबाहेरून दोन पाट्या आणल्या होत्या. एक चिन्नीची. दुसरी आत्याबाईंच्या हातात ठेवली. "मामय्यांनी, सासऱ्यांनी पाठवली," म्हणाल्या. आत्याबाईंनी ती आधी कपाळाला लावली आणि मग पदरानं पुसली, कोरी असूनही.

ह्यांना विचारलं, आता तरी बोर्ड लावायचा का? "बघू," म्हणाले. बघा तुम्ही!

१२ फेब्रुवारी

आज मी मनाशी पक्कं केलं. सकाळची सगळी कामं भराभर उरकली, लेकरांना भरवलं, निजवलं, पेटीतली माझी पाटी काढली, आणि समोरच्या खोलीत आत्याबाईंसमोर मांडी घालून बसले. म्हटलं, "चला, आता नीट 'अ' पासून. पद्धतशीर."

त्या बसल्या. मी 'अ' काढून दिला. त्यांनी काढला, पोट उलटीकडं. मी पुसलं, परत काढून दिला. परत उलटा. तिसऱ्यांदा मी श्वास घेतला आणि म्हटलं, "हळू काढा." चौथ्यांदा जीभ चावली. पाचव्यांदा तोंडातून गेलंच, "अहो आत्याबाई, डोळे कुठं आहेत तुमचे? किती वेळा सांगायचं!" खुशाल दचकून उठला.

आत्याबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. रागावल्या नाहीत, काही नाही. पाटी पदरानं पुसली, भिंतीला टेकवली, आणि दाराबाहेर उन्हाकडं बघून म्हणाल्या,

"राहू दे, बाई. चार वाजतच आले. कुंदाले येऊ दे."